ऐकणारं माणूस घरी आहे

इंदूर,
आगमनकाळाचा पहिला आठवडा

लाडक्या चिमणे,



तुझ्या बाबाचा फोन आला तेव्हा कळलं, की चर्चच्या थेट प्रसारणाचं काम आता तुझ्याकडे आलंय. आधीचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, कमिटीनं तुला विचारलं आणि तू हो म्हणालीस. मला झालेला आनंद फोनवर नीट सांगता आला नाही. आमच्या आकाशवाणीच्या कंट्रोल रूममध्ये मी लागले तेव्हा तिथं बायका मोजक्याच होत्या. आता माझी भाची हेडफोन लावून मिक्सरसमोर बसणार म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना. थोडी काळजीही वाटली, ती का ते पुढे सांगते. मेसेज माणूस वाचतो आणि पुढे सरकतो, म्हणून मुद्दाम कागदावर लिहिते आहे. लांबेल, पण वाच.

इथं थंडी चांगलीच पडली आहे. सराफ्यात गराडू तळायला लागले आणि तुझे काका रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून तिकडे जातात. माझे गुडघे मात्र जिना उतरू देत नाहीत. त्यामुळे रविवारी सकाळी चहा झाला, की मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते आणि आपल्या नाशिकच्या उपासनेला बसते. तिकडे आजीही तेच करते. तिचा फोन उशीशी असतो. म्हणजे तुझ्या मिक्समधून उपासना ऐकणाऱ्या आम्ही दोघी तर तुझ्या घरातल्याच आहोत.

मागच्या रविवारी काय ऐकलं ते सांगते, रागावू नकोस. गाणाऱ्या दादाचा आवाज अगदी कानाशी, कोरडा. कीबोर्ड भरपूर. ढोलक कुठेतरी लांब, बेस गिटार नाहीच. मंडळी गातेय हे कॅमेऱ्यात दिसत होतं, ऐकू मात्र कुणीच येत नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये चारच माणसं गाताहेत असं वाटलं. मग पाळकसाहेब संदेशाला उभे राहिले आणि त्यांचं बोलणं कळेना म्हणून मी आवाज पूर्ण वाढवला. संदेश संपला, गीत सुरू झालं आणि फोन असा किंचाळला की काका आतल्या खोलीतून धावत आले.

यात तुझा दोष नाही पोरी. तू आत्ताच आलीस, आणि समोरच्या स्पीकरला जाणारा आवाज तसाच उचलून प्रसारणाला जोडायचा ही तिथली जुनी पद्धत आहे. लहान चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी असंच करतात. पण हॉलमध्ये जे ऐकू येतं त्यातलं निम्मं मिक्सरमधून जातच नाही, हे आधी मनात पक्कं बसव. ढोलकीवाला थाप मारतो ती थेट बाकांपर्यंत पोचते. ड्रम असेल तर तो आपोआपच मोठा असतो, गिटारचा ॲम्प्लिफायर स्वतःच बोलत असतो. म्हणून समोरचा आवाज सांभाळणारा दादा या वाद्यांचे फेडर खालीच ठेवतो. त्याचं बरोबरच आहे. गाणाऱ्याला आणि कीबोर्डला मात्र स्पीकरचाच आधार, म्हणून ते वर. त्याच्या मिक्समध्ये जे कमी असतं ते हॉल भरून काढतो. घरी हॉल नसतो.

तेव्हा पहिली गोष्ट, प्रसारणाचं मिक्स वेगळं कर. तुमच्याकडचा मिक्सर डिजिटल आहे असं बाबा म्हणाला. हल्ली चर्चमध्ये दिसतात तसल्या मिक्सरला, बेहरिंगरच्या एक्स-३२ सारख्याला, सोळा मिक्स बस असतात. त्यातल्या दोन जोडून स्टीरिओ कर आणि त्या फक्त घरच्या माणसासाठी ठेव. चॅनेल प्री-फेडर पाठव, म्हणजे समोरच्या दादानं फेडर ओढला तरी तुझं मिक्स हलणार नाही. गेन मात्र दोघांचा एकच राहतो. त्यानं मध्येच गेन फिरवला की तुझ्याकडेही सगळं बदलतं. म्हणून शनिवारच्या तालमीत दोघांनी बसून गेन ठरवा आणि मग उपासना संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा करार करा. भांडू नकोस त्याच्याशी. त्याला समोर बसलेल्यांची काळजी आहे, तुला घरी बसलेल्यांची. पुढे कधी पैसे जमले तर माइकच्या वायरी दुभागून प्रसारणाला स्वतंत्र मिक्सर घेता येईल. त्याची घाई नाही.

दुसरं म्हणजे तुझी बसायची जागा. बाबानं पाठवलेल्या फोटोत तू मागच्या बाकाशी टेबल टाकून बसली आहेस. तिथं हेडफोन कितीही घट्ट असले तरी बेस आणि ढोलक भिंतीतून, बाकातून अंगात शिरतात. तुला वाटतं मिक्समध्ये ढोलक आहे, आणि आमच्याकडे नसते. वेस्ट्रीत जागा माग. दार लोटून घे, एक लांब नेटवर्क केबल टाकली की मिक्सर टॅबलेटवरून चालवता येतो. पाळकसाहेब नाही म्हणणार नाहीत, फक्त त्यांचा झगा टांगायची खुंटी मोकळी ठेव.

आणि हेडफोनचा आवाज कमी ठेव. यामागं कारण आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं. तू मोठ्यानं ऐकत मिक्स केलंस तर तुला सगळं भरलेलं वाटेल, आणि आजी तेच हळू आवाजात ऐकेल तेव्हा तिला किरटं लागेल. शिवाय कान एकदा गेला की परत येत नाही. ८५ डेसिबल आठ तास, हा कानाला सोसणारा हिशेब धरतात. त्याच्या वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. तुमचा ड्रम आणि स्टेजवरचे मॉनिटर मिळून तिथं सहज पोचतात. माझ्याबरोबर काम केलेल्या काही माणसांच्या कानात आता रात्रंदिवस शिट्टी वाजते. तालमीला स्टेजजवळ उभी राहशील तेव्हा कानात बोळे घाल, कुणी हसलं तर हसू दे.

आता शब्द. हा माझा हळवा विषय आहे हे तुला ठाऊक आहेच. आपली गीतं इंग्रजी गाण्यांसारखी सुरावर तोललेली नाहीत, ती शब्दांवर उभी आहेत. नारायण वामन टिळक नाशिकात शिकले, आपल्या जलालपूरचे जावई. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि येताना ते अभंग, ओवी, कीर्तन सगळं बरोबर घेऊन आले. त्यांची कितीतरी गीतं आपल्या उपासना संगीतात आहेत. त्या गीतांत एक अक्षर हुकलं तर अर्थ हुकतो. चार कडव्यांत एक गोष्ट पुढे सरकत असते आणि ऐकणारा तिच्या मागोमाग चाललेला असतो. आजीला ती पाठ आहेत म्हणून तिचं भागतं. पण घरात नातसून असेल, नुकताच येऊ लागलेला कुणी शेजारी असेल, त्यांना शब्द पहिल्यांदाच कानावर पडत असतात.

शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं साधारण दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात. नेमकी तिथंच तुमची गिटार, कीबोर्डचा तो पसरट आवाज आणि ड्रमच्या थाळ्या येऊन बसतात. गाणाऱ्याचा आवाज वाढवत नेण्याआधी त्या पट्ट्यात कीबोर्ड दोन-तीन डेसिबल उतरव, गिटार थोडी उतरव. मग बघ, आवाज न वाढवता शब्द पुढे येतील. माणसाच्या आवाजाच्या चॅनेलला लो-कट लाव, ऐंशी-शंभर हर्ट्‌झच्या खाली तिथं पंख्याचा घुर्र आणि पाय आपटल्याचा धप्प याखेरीज काही नसतं. स आणि श टोचत असतील तर डी-एसर थोडा, बोबडं वाटेल इतका नको. रिव्हर्ब शिऱ्यातल्या वेलचीइतका, आहे हे कळावं पण दातांखाली येऊ नये. आणि संदेशाला सुरुवात झाली की तो बंद. तो बंद करायचा विसर फार जणांना पडतो, आणि मग पाळकसाहेब विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात.

पेटीचा माइक अगदी भात्याशी चिकटवू नका. तिथं भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खडखड जास्त येते. हातभर वरून, थोडा तिरका ठेवला की सूर मोकळा मिळतो. ढोलकला जमलं तर दोन माइक लाव. फोनच्या स्पीकरमधून धुमाचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा येतच नाही, त्याला तेवढी ताकद नसते. तिथं ताल कळतो तो चाटीच्या बाजूनं. म्हणून चाट स्वच्छ ठेव, घुमारा चांगले हेडफोन वापरणाऱ्यांसाठी असू दे. झांजेला माइक नकोच, ती सगळ्यांच्या माइकमध्ये आपणहून शिरते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. मंडळीचा आवाज.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा ईस्टर १२ एप्रिलला होता. आजीच्या आयुष्यातला तो चर्चविना पहिला ईस्टर. पाळकसाहेबांनी स्टुलावर फोन ठेवून एकट्यानं उपासना घेतली आणि सगळ्यांनी घरोघरी ऐकली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती नोव्हेंबरच्या १६ तारखेला, पाडव्याला. पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि २०२१ च्या ७ ऑक्टोबरला परत उघडली. तेव्हा बहुतेक मंडळी बाकांवर परतली. काही परतलीच नाहीत. आजी पायऱ्या चढू शकत नाही. कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, कुणी हॉस्पिटलात रविवारच्या ड्यूटीवर आहे, कुणी मस्कतला नोकरीला, कुणी बाळंतीण. प्रसारण आज त्यांच्यासाठी आहे. त्यांना बँड ऐकायचा नाहीये चिमणे, बँड त्यांना कुठंही मिळेल. त्यांना आपल्या माणसांत बसायचंय. मागच्या बाकावरचे काका नेहमी अर्धी मात्रा उशिरा गातात, ते त्यांना ऐकायचंय. तिसऱ्या रांगेतल्या मावशींचा वर जाऊन चिरकणारा सूर ऐकायचाय. प्रभूची प्रार्थना शंभर तोंडांनी एकदम सुरू होते तो आवाज त्यांना हवा आहे. तो नसेल तर उरतो तो नुसता कार्यक्रम.

म्हणून मंडळीसाठी दोन माइक लाव. कंडेन्सर लागतील, त्यांना मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात हे तुला माहीत असेल. ते समोरच्या भिंतीजवळ उंचावर, तोंड बाकांकडे आणि पाठ स्पीकरकडे करून टांग. पंख्याच्या वाऱ्यात नको. हे माइक स्पीकरला कधीही जायचे नाहीत, फक्त प्रसारणाला. नाहीतर शिट्टी सुरू होईल. गीत सुरू झालं की ते हळूच वर घे, पाळकसाहेबांच्या वाक्याला मंडळी उत्तर देते तेव्हा वर घे, संदेशाच्या वेळी खाली. अगदी शून्यावर आणू नकोस, नाहीतर एकदम कुणी खिडकी लावल्यासारखं होतं. रस्त्यावरचे हॉर्न येतील. येऊ देत. नाशिक आहे ते.

या माइकमध्ये एक खोच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जवळजवळ तीस मिलिसेकंद. स्टेजवरचा सूर जवळच्या माइकमध्ये आधी पोचतो आणि तुझ्या टांगलेल्या माइकमध्ये मागाहून. मोठ्या मैदानातल्या सभेत एकच शब्द दोन कर्ण्यांतून दोनदा ऐकू येतो ना, तसलाच हा प्रकार, फक्त सूक्ष्म. मिक्स धूसर होतं आणि कारण सापडत नाही. स्टेजपासून या माइकचं अंतर फूटपट्टीनं मोज, दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद धर, आणि जवळच्या माइकना तेवढा उशीर लाव. कॉलेजात फिजिक्सला कंटाळा करत होतीस, इथं उपयोगी पडेल.

पहिल्यांदा रेडिओवरून उपासना ऐकवली गेली ती १९२१ च्या २ जानेवारीला, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून. केडीकेए नावाचं केंद्र सुरू होऊन दोनच महिने झाले होते. आत काम करणाऱ्या दोन तंत्रज्ञांना गायनवृंदाचे झगे घालून बसवलं होतं, मंडळीचं लक्ष त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. त्यातला एक ज्यू होता आणि एक कॅथलिक, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण तुझं कामही तेच आहे: उपासनेत असायचं आणि कुणाच्या नजरेत यायचं नाही. म्हणून स्टेजवर माइक ठीक करायला जायचं तर दोन गीतांच्या मधे जा, प्रार्थनेत नको. बॅटरी उपासनेआधी बदल, नवी वाटत असली तरी.

आवाजाची पातळी. मिक्सरवरच्या उड्या मारणाऱ्या पट्टीवर विसंबू नकोस. लाउडनेस मीटर घे, फुकट मिळतात. सगळी उपासना मिळून साधारण उणे १४ ते उणे १६ एलयूएफएसच्या आसपास ठेव आणि शिखर उणे एकच्या वर जाऊ देऊ नकोस. फार मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतं, फार हळू असलेला वर आणेलच असं नाही. पण या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की आजीला उपासनेत एकदाही फोनचं बटण दाबावं लागू नये. संदेश आणि गीत यांच्या पातळीत फरक थोडाच हवा. पाळकसाहेब कुजबुजतात आणि मग एकदम गरजतात, त्यांना कंप्रेसर लाव; हॉलपेक्षा प्रसारणाला तो जास्त लागतो, कारण घरी कुकरची शिट्टी असते, मुलं असतात, वरून पंखा असतो. कुजबुज त्या सगळ्याच्या वर यायला हवी.

मिक्स झालं की ते मोनोमध्ये ऐक. कीबोर्डवाले स्टीरिओ आवाज पाठवतात आणि काही वेळा दोन्ही बाजू एकत्र केल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. हेडफोनवर छान वाटलेलं वाद्य फोनवर गायब होतं ते असं. आम्ही कंट्रोल रूममध्ये मोठ्या स्पीकरांशेजारी एक छोटा, साधा स्पीकर ठेवत असू आणि शेवटचा निर्णय त्यावर ऐकून करत असू. तुझ्यासाठी तो छोटा स्पीकर म्हणजे आजीचा फोन. रविवारी दुपारी जेवण झालं की तिच्या उशाशी बस आणि सकाळचं रेकॉर्डिंग तिच्याच फोनवर, तिच्याच आवाजात ऐक. तिला काही विचारू नकोस, ती सगळं छानच म्हणेल. तिचा हात कुठे बटणाकडे जातो ते बघ.

ओठ आणि आवाज जुळतात का तेही तिथंच कळेल. कॅमेऱ्यातून चित्र यायला वेळ लागतो, आवाज लवकर पोचतो. आवाज किंचित मागे असलेला माणसाला चालतो, कारण लांबचा माणूस टाळी वाजवतो तेव्हा तसंच घडतं; आवाज आधी आणि ओठ मागून आले तर मात्र लगेच खटकतं. तालमीत कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायला सांग, रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघ, आणि आवाजाला तेवढा उशीर दे. मंडळीच्या माइकचा उशीर वेगळा आणि हा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नकोस.

प्रभुभोजनाच्या वेळी शांतता होते तेव्हा घाबरून कीबोर्ड वर घेऊ नकोस. मंडळीचे माइक थोडे उघडे ठेव. पावलांचा, बाक करकरल्याचा आवाज येत राहिला की घरचा माणूस समजतो, तुटलं नाहीये, चाललंय. आणि ज्या वेळी कुणी पुढे येऊन पाळकसाहेबांजवळ गुडघे टेकून आपलं दुःख सांगतं, त्या वेळी पाळकसाहेबांचा कॉलर माइक बंद कर. तिथं रडणारं माणूस सगळ्या जगासाठी रडत नसतं. हे तुला कुणी लिहून देणार नाही, कमिटीच्या लक्षातही येणार नाही. बटण तुझ्या हाताशी आहे, तेव्हा ते तू सांभाळायचंस. प्रार्थनेच्या विनंत्यांत आजाऱ्यांची नावं आणि आजार वाचतात ना, त्यांच्याविषयीही एकदा पाळकसाहेबांशी बोल.

आपल्या शरणपूरचा जेकब वेनराइट तुला आठवतो का? लहानपणी तुला सांगितलं होतं. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं शरणपूरच्या मिशनच्या शाळेत शिकली, त्यातला हा एक. १८७३ साली मिशनरी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत खोल वारले तेव्हा त्यांच्या हृदयाचं दफन तिथंच झाडाखाली झालं आणि दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली. पुढे तो त्यांच्या देहाबरोबर लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. नाशिकात शिकलेली प्रार्थना इतक्या लांब गेली ती एका तरुण मुलाच्या तोंडून. आता इंटरनेट आहे, तरी कुणीतरी ती नीट पोचवावी लागतेच.

काळजी कसली ते सांगायचं म्हणाले होते. मिक्सरसमोर बसलेलं माणूस उपासनेत असूनही नसतं. माझी किती तरी वर्षं अशी गेली, की शब्द कानातून गेले आणि मी मीटर बघत होते. नोकरी होती, ते ठीक. तुझी ती नोकरी नाही, तुझं वय वीस आहे. म्हणून आत्ताच आणखी दोघांना शिकव. तरुण संघातली ती दोन मुलं मोबाइलवर गाणी बनवतात म्हणे, त्यांना बसव शेजारी. महिन्यातून एक रविवार तू बाकावर, आजीच्या जागेवर बसायचंस, हेडफोनशिवाय. त्या दिवशी मिक्स थोडं बिघडलं तरी चालेल. परीक्षेच्या महिन्यात तर सरळ रजा घे. कमिटीला सवय लागली की ती माणसाला सोडत नाही, हे मी बाबाच्या बाबतीत खजिनदारीच्या वेळी पाहिलंय.

काकांना फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला यायचंय. गुडघ्यांनी साथ दिली तर मीही येईन. कुंभासाठी रस्ते खोदलेत म्हणे, घरापर्यंत रिक्षा येते का ते कळव. द्राक्षं तोवर चांगली उतरलेली असतील.

नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेची तालीम कधी आहे? तिचं रेकॉर्डिंग मला पाठव. सगळं नको, तीनच तुकडे: मंडळी उभी राहून गाते ते पहिलं गीत, कुणीही एकानं वाचलेला धडा, आणि पाळकसाहेबांचं हळू आवाजातलं बोलणं. मंडळीचे माइक अजून आले नसतील तर कुणाचे तरी उसने आण, पण त्या रात्री ते हवेतच. मी साखरेच्या डब्याला टेकवून ऐकेन आणि दुसऱ्या दिवशी फोन करेन. यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती ते बाबाला विचार. त्या रात्री वीज गेली तर कॅमेरा, मिक्सर आणि राउटर तिन्ही त्यावर आहेत ना, की नुसताच कॅमेरा, हे प्लग काढून एकदा तपासून घे. रात्री घरी परतताना बाबाला न्यायला बोलव, एकटी येऊ नकोस. कानटोपी घाल.

आईला आणि आजीला माझा सलाम. बाबाला म्हणावं, पोरीला वेस्ट्रीत खुर्ची मिळवून द्यायची जबाबदारी तुझी.

तुझी,
इंदूरची आत्या